डाव्या कानातली घाईबाई

मी इअरफोन बोलतोय. जोडीतला नव्हे, एकटा. फक्त डाव्या कानाचा. आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं जरा तापलेलं असतं. गाणी ऐकवणाऱ्या इअरफोनांसारखं गोडगोड बोलणं मला जमायचं नाही. माझं आयुष्यच तसं गेलं, त्याला मी तरी काय करू?

कारखान्यात जन्मलो तेव्हा आम्ही जुळे होतो. डावा मी, उजवा माझा भाऊ आणि दोघांत मिळून एक तार. खोक्यात बंद होऊन आम्ही एका दुकानात आलो आणि काउंटरमागच्या खिळ्याला टांगले गेलो. समोरच्या काचेच्या कपाटात बिनतारी इअरफोन तोऱ्यात बसलेले असत. आमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. भाऊ म्हणायचा, एखादा कॉलेजचा पोरगा येईल, आपल्याला घेऊन जाईल, मग दिवसभर गाणीच गाणी. मलाही ते खरं वाटायचं.

आल्या त्या मायलेकी. लेकीच्या हातात पांढरी काठी होती. दुकानदाराने लेकीकडे एकदा पाहिलं आणि आईला विचारलं, "यांना कसला हवाय?"

"मला काय विचारता? तिलाच विचारा की," आई म्हणाली. "वापरणार ती आहे."

दुकानदार ओशाळला आणि मग लेकीशी इतक्या मोठ्याने बोलू लागला, की जणू तिला ऐकूच येत नाही. तिने शांतपणे सांगितलं, "तारेचाच द्या. बिनतारी मध्येच गप्प होतो, नाहीतर त्याचं चार्जिंग संपतं. भर सभेत मला तसली नाटकं नकोत."

भर सभेत म्हटल्यावर मी चपापलो. गाण्यांचं स्वप्न तिथेच संपलं.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा काय मागितलं असेल, तर कात्री. चाचपून माझ्या भावाची तार शोधली आणि कच्चकन कापली. आई ओरडली, "अगं, नवाकोरा होता ना!"

"उजवा कान मला माणसांसाठी मोकळा लागतो, आई. आणि हा नुसता लोंबत राहिला की टेबलावर आपटतो, बटणांत अडकतो."

भाऊ खणात गेला तो गेलाच. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण रडायला वेळ मिळाला नाही, कारण त्याच दिवशी माझी गाठ घाईबाईशी पडली.

ही घाईबाई म्हणजे माझ्या मालकिणीच्या लॅपटॉपमधला आवाज. मालकीण बस वाहतुकीच्या कार्यालयात, गाड्यांची वेळापत्रकं आखणाऱ्या विभागात काम करते. तिथे सगळे तिला ताई म्हणतात, तर मीही ताईच म्हणतो. ताईला दिसत नाही, म्हणून लॅपटॉपच्या पडद्यावर जे असेल ते हा आवाज तिला वाचून दाखवतो. ताईला वर्षानुवर्षांची सवय, त्यामुळे तिने त्याचा वेग इतका वाढवून ठेवलेला की ऐकणाऱ्याला वाटावं, मूठभर फुटाणे कढईत टाकलेत. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "काय गं, हिची कुठली गाडी सुटतेय?" तेव्हापासून तिचं नाव घाईबाई.

घाईबाई कामाला वाघ आहे, पण तिला पाचपोच म्हणून नाही. समोर येईल ते वाचत सुटायचं. मजकूर असेल तर मजकूर. चित्राबरोबर कोणी वर्णन लिहून ठेवलं असेल तर ते वर्णन, नसेल तर नुसतं "चित्र" म्हणून पुढे जायचं. चित्रात काय आहे, हे तिला कळत नाही आणि विचारायची सोय नाही. एकदा ताई साहेबांना, म्हणजे तिच्या विभागप्रमुखांना, काहीतरी समजावत होती. "प्रवाशांची मुख्य अडचण अशी, की…" इथवर ती आली आणि घाईबाईने मध्येच आईचा मेसेज वाचला: "डबा खाल्लास की तसाच परत आणणार आहेस?" ताईच्या तोंडून निघून गेलं, "खाल्ला." साहेबांनी विचारलं, "कोणी? प्रवाशांनी?"

तरी तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला काय झालं? ऐका तर मग.

दिसणारा माणूस स्लाइड्स दाखवत बोलतो, तेव्हा पडद्याकडे एक नजर टाकतो आणि दोन वाक्यं बोलतो. ताईला नजर टाकता येत नाही. तिच्या डाव्या कानात मी असतो, माझ्यातून घाईबाई पुढची ओळ सांगत असते, त्याच वेळी ताईचं तोंड मागची ओळ बोलत असतं आणि उजवा कान कोण खोकलं, कोण कुजबुजलं, कोणाची खुर्ची सरकली हे टिपत असतो. करून बघा एकदा. कानात कोणी बातम्या वाचत असताना स्वतःचा पत्ता सांगा कोणाला. दुसऱ्या ओळीला जीभ अडखळली नाही तर सांगा.

ताईची अडखळत नसे, कारण तिची तयारी पक्की असे. स्लाइड्स ती स्वतः बनवायची. पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं, एका स्लाइडवर चारच ओळी. प्रत्येक आलेखाला, प्रत्येक नकाशाला तिने आपल्या शब्दांत वर्णन जोडलेलं. मग घरी आईला समोर खुर्चीवर बसवून सराव. आईला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण ती प्रत्येक वाक्याला "हं" म्हणायची. लेक लहान असल्यापासून तिला ही सवय. मान हलवून उपयोग नाही, तोंडाने बोललं तरच लेकीला कळतं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं.

आईला जे कळलं ते कार्यालयातल्या शिकल्यासवरलेल्या माणसांना कधी कळलं नाही, आणि माझा खरा संताप त्यावर आहे. विभागातल्या आपसातल्या बैठकीत ताई विचारते, "स्लाइड दिसतेय का सगळ्यांना?" आणि सगळे काय करतात? माना डोलावतात! मी कानातून बघतोय, अख्खं टेबल माना डोलावतंय, आणि ताई मात्र उत्तराची वाट बघत उभी. मग ती पुन्हा विचारते. मग आणखी जोरजोरात डोलावतात! अरे, तिला दिसत असतं तर तिने विचारलं असतं का? मला तोंड असतं ना, तर मी तिथल्या तिथे ओरडलो असतो.

आता गाड्यांच्या वेळा मंजूर करणाऱ्या समितीच्या एका बैठकीचं सांगतो.

ताईच्या शेजारच्या टेबलावर एकजण बसायचा. त्याला सगळे कलाकार म्हणत. दिसायला टापटीप, बोलायला लाघवी, आणि रंगांचं भारी वेड. समितीपुढे जाणारी प्रत्येक स्लाइड त्याच्या हाताखालून जायची, कारण साहेबांचा तसा नियमच होता: बोधचिन्ह हवं, ठरलेले रंग हवेत. आणि आजवर समितीच्या प्रत्येक बैठकीत ताईचं काम मांडायचाही तोच. ताई राबायची आणि कलाकार बोलायचा. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? मी आहे ना," असं म्हणायचा. मनाने वाईट नव्हता हो. तेच तर अवघड होतं. वाईट माणसाला निदान चार शब्द सुनावता येतात.

ताईने एक गोष्ट शोधून काढली होती. चौकातल्या थांब्यावर कारखान्यांकडून येणारी बस पोचते, नेमकी तेव्हाच इस्पितळाकडे जाणारी बस दार लावून निघून जाते. कागदावर दोन्हींची वेळ एकच, त्यामुळे कागदावर ते फार छान दिसायचं. पण उतरलेली माणसं रोज पळायची आणि रोज मागे राहायची. ताई स्वतःच त्या थांब्यावर कितीदा उभी राहिली होती, समोर दार लागल्याचा आवाज ऐकत. तिचं म्हणणं एवढंच, की इस्पितळाच्या बसने तिथे थोडं थांबावं. मागच्या बैठकीत कलाकाराने हे मांडलं. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, गाडी थांबवली तर आत बसलेले प्रवासी ओरडणार नाहीत का? कलाकार म्हणाला, "बघून सांगतो." विषय पुढे ढकलला गेला. ताई तिथेच भिंतीला लागून बसली होती. उत्तर तिच्या जिभेवर होतं, पण तिला विचारतो कोण!

त्या दिवशी घरी येऊन ती आईला म्हणाली, "समितीपुढे माझं काम मलाच मांडायचंय. निदान एकदा तरी." आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत जाऊन तिने तेच सांगितलं. साहेबांनी बराच वेळ पेन टेबलावर ठोकलं.

"ठीक आहे. या खेपेला तुम्ही बोला," ते म्हणाले. "पण काही गडबड झाली तर यापुढे नेहमीसारखा कलाकारच बोलेल. मग माझ्याकडे यायचं नाही."

"नाही यायची," ताई म्हणाली.

बैठकीच्या सकाळी कलाकार आला. "ताई, तुमचा लॅपटॉप द्या जरा. तुमच्या स्लाइड्स म्हणजे अगदी सूचनाफलक वाटतात हो. रंग लावून आणल्यात मी, त्याच नावाने ठेवतो. बाकी कशाला हात लावलेला नाही."

"मजकूर तसाच आहे ना?" ताईने विचारलं.

"अक्षरन्‌अक्षर तसंच."

आणि ते खरं होतं, हीच तर गंमत. सगळं उघडून एकदा ऐकून घ्यावं, असं ताईच्या मनात आलं, तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. अध्यक्षबाई वेळेआधीच पोचल्या होत्या.

लांब टेबल, दोन्ही बाजूंना समितीची माणसं, भिंतीवर पडदा. ताई उभी राहिली. मी कानात घट्ट बसलो. तिने पहिली स्लाइड लावली आणि विचारलं, "दिसतेय का सगळ्यांना?"

माना डोलल्या.

"दिसतेय का?"

आणखी डोलल्या. शेवटी कोणीतरी म्हणालं, "हो, हो, मस्त दिसतेय." ताईने बटण दाबलं आणि पहिल्या ओळीची वाट बघू लागली.

घाईबाई म्हणाली, "चित्र."

ताईने पुढचं बटण दाबलं. घाईबाई म्हणाली, "चित्र." आणखी एक. "चित्र." चार ओळी कुठे गेल्या? आलेखाचं वर्णन कुठे गेलं? जे येईल ते पोचवणं एवढंच माझं काम. पोचवायला काही आलंच नाही तर मी कुठून आणू?

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"मला माझ्या स्लाइड्स ऐकू येत नाहीत," ताई म्हणाली. मग तिने तोंड कलाकाराच्या खुर्चीकडे वळवलं. "तू या स्लाइड्सचं काय केलंस?"

कलाकार गडबडला. "काही नाही हो ताई. मागे एकदा दुसऱ्या मशीनवर माझी सगळी अक्षरं विस्कटली होती, साहेब रागावले होते. तेव्हापासून मी अख्ख्या स्लाइडचं चित्रच करून टाकतो. म्हणजे काही हलत नाही. दिसायला अगदी तीच दिसते."

दिसायला! ऐकलंत ना? अक्षरं हलू नयेत म्हणून या पठ्ठ्याने ती पुसूनच टाकली होती. समोरच्यांना शब्द दिसत होते आणि घाईबाईच्या लेखी तिथे भिंतीवर टांगलेल्या तसबिरींपलीकडे काही नव्हतं.

साहेब उठले. "असू दे, असू दे. वेळ कशाला घालवायचा? कलाकार, तू ये पुढे. ताई, तुम्ही बसा."

ताईचा हात लॅपटॉपवर होता. तिने बोटं माझ्या पिनेभोवती आवळली, रागाने. तो राग तारेतून माझ्यापर्यंत आला आणि खरं सांगतो, इतका राग मलाही कधी आला नव्हता.

"नाही साहेब, मी बसणार नाही," ती म्हणाली. "मॅडम, मला आधी एक गोष्ट ऐकवायची आहे."

आणि तिने लॅपटॉपमधून माझी पिन उपटली. हळूच काढली नाही, हिसकली. पिनेपाशी माझी तार करकरली. मी कानात बसलो होतो, पण एका क्षणात मुका झालो.

घाईबाईचा आवाज पडद्याला जोडलेल्या मोठ्या स्पीकरमधून घुमला. ताई एकेक स्लाइड पुढे नेत होती. "चित्र. चित्र. चित्र. चित्र." शेवटपर्यंत.

"माझ्या कानात आत्ता एवढंच येत होतं," ताई म्हणाली. "महिनोन्‌महिने मी काम केलं, ते मला असं ऐकू येतंय. तुम्हाला तरी वाचता येतंय का, सांगाल? मान हलवू नका, मॅडम. मला कळत नाही."

अध्यक्षबाईंनी डोळे बारीक केले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अं… खरं सांगू का? फिक्या पिवळ्यावर पांढरं लिहिलंय. मला शीर्षक तेवढं लागतंय."

"मागून तेही लागत नाही," टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी म्हणालं.

"मग मघाशी 'मस्त दिसतेय' कोण म्हणालं?" ताईने विचारलं. कलाकाराची मान खाली गेली.

तिने ते सगळं बंद केलं. तिची स्वतःची जुनी प्रत लॅपटॉपमध्ये होतीच. 'साधी' या नावाने ती नेहमी एक प्रत बाजूला ठेवते. ती उघडली. घाईबाई स्पीकरमधून आपल्या नेहमीच्या वेगाने धाडधाड वाचू लागली, तेव्हा एक सदस्य दचकून म्हणाले, "ही कुठली भाषा?"

"आपलीच," ताई म्हणाली आणि पिन परत खुपसली.

मला खरखर ऐकू येत होती. तार आतून तुटायला आली होती. जरा हललं की घाईबाईचा अर्धा शब्द गायब. पण मी ठरवलं, आज मेलो तरी चालेल, बोलणं थांबू द्यायचं नाही. ताईने एका हाताने पिन दाबून धरली, दुसऱ्या हाताने स्लाइड्स पुढे नेल्या. पांढऱ्यावर काळी अक्षरं आता सगळ्यांनाच वाचता येत होती. चौक, दोन गाड्या, लागणारं दार, पळणारी माणसं, सगळं तिने क्रमाने सांगितलं. अध्यक्षबाईंनी मागचाच प्रश्न विचारला, गाडी थांबली तर आतले प्रवासी ओरडणार नाहीत का?

"ती गाडी तशीही थांबते, मॅडम," ताई म्हणाली. "पुढच्या फाट्यावर. तिथे ती वेळेआधी पोचते, म्हणून ड्रायव्हर वेळ होईपर्यंत उभा राहतो. तिथे ना कोणी चढत, ना उतरत. मी एवढंच म्हणतेय, की तेच थांबणं चौकात करा. इस्पितळात पोचायची वेळ तीच राहील."

मग अध्यक्षबाई उठून उभ्या राहिल्या. "कमाल आहे हो तुमची! दिसत नसताना तुम्ही हे सगळं… धन्य आहे. आम्हाला तर बाई…"

माझं टाळकं पुन्हा सटकलं. इतकं सगळं ऐकून शेवटी हेच?

"मॅडम," ताई म्हणाली, "बसचं काय?"

"बसचं?" अध्यक्षबाई खाली बसल्या. "बस थांबेल. पुढच्या महिन्यापासून."

बाहेर आल्यावर साहेब ताईच्या बाजूने चालत होते. जिन्यापाशी थांबले. मग म्हणाले, "पुढची बैठक तुम्हीच घ्या. ते रंगांचं… ते मी बघतो."

कलाकार त्या दिवशी टेबलावर नुसता बसून होता. संध्याकाळी तो ताईकडे आला आणि म्हणाला, "ताई, मला ती घाईबाई जरा हळू करून ऐकवाल का? माझ्याच स्लाइड्सवर?" ताईने ऐकवलं. आपल्या साऱ्या कारकिर्दीत आपण नुसती चित्रं बनवली, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. मला त्याची दया आली. थोडीशीच.

मी मात्र त्या दिवसानंतर सुधारलो नाही. पिनेपाशी चिकटपट्टी लावून ताईने मला काही दिवस चालवलं. पण तार आतून तुटत गेली आणि एक दिवस घाईबाई माझ्यातून पूर्ण गप्प झाली. ताईने दुकानातून नवा आणला, तारेचाच. त्याचा उजवा भाऊही कात्रीखाली गेला. मला तिने टाकलं नाही. मी तिच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात असतो. घाईबाई आता मला ऐकू येत नाही, माणसं येतात.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. ज्याला दिसत नाही अशा माणसाने काही विचारलं, तर तोंड उघडा. त्याला काही पैसे पडत नाहीत. चित्र लावाल तर दोन ओळी लिहा, काय आहे ते. आणि कोणाचं काम सजवायला घ्याल तर आधी त्याला विचारा.

आज पुन्हा बैठक आहे. पर्स खुर्चीला अडकवलेली आहे, मी कप्प्यात आहे. ताई उभी राहिली, तिने पहिली स्लाइड लावली आणि विचारलं, "दिसतेय का सगळ्यांना?"

खोलीत चिडीचूप. तीच शांतता! मला बघायचीही गरज नव्हती. मी चिडून पर्समध्ये उसळणार, एवढ्यात शेजारच्या खुर्चीतून कलाकाराचा वैतागलेला आवाज आला,

"अहो, माना काय डोलावताय? तोंडाने बोला की!"